स्मिता पाटील : खान्देशी पार्श्वभूमी आणि अभिनयाची जडणघडण

प्रस्तावना

मुक्ताईनगर परिसराच्या सांस्कृतिक स्मृतीत स्त्रीच्या वाणीला एक विशेष स्थान आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव आणि मेहूण-कोथळीची मुक्ताईची स्थाने तेराव्या शतकातील एका तरुण स्त्रीच्या अधिकारवाणीची साक्ष देतात. वयाने आणि सिद्धीने ज्येष्ठ मानल्या गेलेल्या चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरुस्थानी मानले, ही परंपरा येथील वारकरी आजही श्रद्धेने सांगतात. एदलाबाद या जुन्या नावाच्या जागी गावाला मुक्ताईनगर हे नाव मिळाले, त्यामागेही हीच स्मृती आहे. भक्तीच्या क्षेत्रात स्त्रीची वाणी इतक्या लवकर मान्य झालेल्या महाराष्ट्रात नाटकाच्या व चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र स्त्रीला स्वतःच्या आवाजात बोलण्यासाठी विसाव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली. या क्षेत्रात ती कोणत्या सामाजिक वाटेने आली, हा इतिहासाच्या अभ्यासकांसमोरचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार स्मिता पाटील (१९५५-१९८६) यांच्या संदर्भात केला आहे. त्यांच्यावरील लेखन बहुधा दोन प्रकारचे आढळते. एका प्रकारात त्यांच्या अकाली निधनाची हळहळ असते, तर दुसऱ्या प्रकारात ‘खान्देशकन्या’ म्हणून केलेला गौरव असतो. दोहोंत त्यांचा अभिनय ‘उपजत’ किंवा ‘नैसर्गिक’ होता असे गृहीत धरले जाते. उपजत देणगी असे म्हटले की तिची कारणे शोधण्याची गरज उरत नाही. वास्तविक या सहजतेमागे एक निश्चित सामाजिक जडणघडण होती. खान्देशातील स्वातंत्र्यलढ्याचे व समाजवादी चळवळीचे संस्कार, राष्ट्र सेवादलाचे कलापथक आणि १९७० च्या दशकात शासकीय व सहकारी आधारावर उभा राहिलेला समांतर चित्रपट हे तिचे तीन प्रमुख घटक होत. या घटकांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मराठी अभिनेत्रीची सामाजिक पार्श्वभूमी

स्मिता पाटील यांचे वेगळेपण समजून घेण्यासाठी त्यांच्यापूर्वीच्या अभिनेत्रींची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांच्या काही स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या. तथापि प्रतिष्ठित संगीत रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुषच करीत असत. या परंपरेचा कळस ठरलेल्या बालगंधर्वांच्या बालपणीचा काही काळ जळगावात गेला आणि संगीताचे आरंभीचे धडेही त्यांनी तेथेच घेतले. स्त्रीच्या चालण्या-बोलण्याचा, वेशभूषेचा आणि लाघवाचा जो आदर्श मराठी समाजाने दीर्घकाळ मान्य केला तो एका पुरुषाने घडविलेला होता आणि त्या आदर्शाचे खान्देशाशी असे जुने नाते आहे.

चित्रपटाच्या आरंभीही हीच अडचण होती. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले या नावाने रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत दीर्घकाळ वावरल्या. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. उच्चवर्गीय, सुशिक्षित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे ही त्या काळी खळबळजनक घटना होती. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून स्त्रीभूमिका स्त्रीनेच करण्याच्या प्रथेला बळ दिले.

यावरून असे दिसून येते की, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी अभिनेत्रीसमोर ठळकपणे दोन वाटा होत्या. गायन-नर्तनाचा व्यवसाय परंपरेने चालत आलेल्या घराण्यांतून स्त्रिया या क्षेत्रात येत. त्यांच्याकडे कला होती, परंतु समाजाने त्यांना प्रतिष्ठा दिली नाही. दुसऱ्या वाटेने येणाऱ्या शहरी, उच्चवर्गीय व सुशिक्षित स्त्रियांना आपली प्रतिष्ठा पणाला लावावी लागे. ग्रामीण, शेतकरी, बहुजन समाजातील कुटुंबातून येणाऱ्या मुलीसाठी या दोन्ही वाटा जवळजवळ बंद होत्या. स्मिता पाटील ज्या वाटेने आल्या ती वाट या दोहोंहून निराळी होती आणि ती राजकीय व सामाजिक चळवळीतून तयार झाली होती.

खान्देशातील सार्वजनिक जीवन आणि पाटील कुटुंब

स्वातंत्र्यपूर्व खान्देशातील सार्वजनिक जीवनात शेतकरी, गिरणी कामगार, विद्यार्थी आणि स्त्रिया यांचा सहभाग लक्षणीय होता. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केले व नंतर शिक्षकाची नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात विनोबा भावे यांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. ग्रामीण भागात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. १९४२ च्या आंदोलनात अमळनेरच्या लीलाताई पाटील व डॉ. उत्तमराव पाटील यांचा पुढाकार होता. एप्रिल १९४४ मधील चिमठाणे येथील सरकारी खजिन्याच्या लुटीमुळे धुळे परिसर क्रांतिकारकांच्या इतिहासात नोंदला गेला.

शिवाजीराव गिरधर पाटील हे या वातावरणात घडलेले कार्यकर्ते होत. तरुणपणीच ते स्वातंत्र्य चळवळीत आले. स्वातंत्र्यानंतर ते समाजवादी पक्षात होते व पुढे काँग्रेसमध्ये गेले. शिरपूर ही त्यांची कर्मभूमी होती. सहकाराच्या क्षेत्रात त्यांनी काम केले, राज्य मंत्रिमंडळात व राज्यसभेतही ते होते. २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी विद्याताई यांनी परिचारिका म्हणून नोकरी केली आणि सामाजिक कार्यातही भाग घेतला. पूर्णवेळ राजकीय कार्यकर्त्याच्या घराचा आर्थिक भार बहुधा पत्नीवर पडतो. पाटील कुटुंबातही मुलींनी आईला घराबाहेर पडून श्रम करताना पाहिले. पुढे पडद्यावरील श्रमजीवी स्त्रियांच्या भूमिका करताना हा अनुभव स्मिता पाटील यांना परका नव्हता, असे म्हणता येईल.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षणही पुण्यात झाले. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून त्यांना केवळ खान्देशाच्या मातीतून उगवलेली अभिनेत्री ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. खान्देश त्यांच्यापर्यंत आला तो आई-वडिलांच्या रूपाने. घरी येणारे कार्यकर्ते, चर्चा, निवडणुका, तुरुंगवासाच्या आठवणी आणि साधी राहणी यांतून त्यांना त्या प्रदेशाचा वारसा मिळाला. प्रदेशाचा प्रभाव जन्मस्थळावरून मोजण्याऐवजी कुटुंबाने स्वीकारलेल्या मूल्यांवरून मोजावा, हे त्यांच्या उदाहरणावरून लक्षात येते.

कलापथकाचा संस्कार

राष्ट्र सेवादलाची पुनर्रचना ४ जून १९४१ रोजी झाली व एस. एम. जोशी हे दलप्रमुख झाले. साने गुरुजी हे सेवादलाचे प्रेरणास्थान होते. सेवादलाच्या कलापथकाने लोकनाट्य, समूहगीत, पोवाडा आणि नृत्य या माध्यमांतून लोकशिक्षणाचे कार्य केले. वसंत बापट यांनी कलापथकासाठी विपुल लेखन केले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य कलापथकासाठीच लिहिले गेले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशा अनेक कलावंतांची सुरुवात सेवादलाच्या वातावरणात झाली. व्यावसायिक नाटक मंडळी आणि घराण्याची परंपरा या दोहोंच्या बाहेर उभी असलेली ही एक स्वतंत्र नाट्यशाळाच होती.

स्मिता पाटील शालेय वयात सेवादलात आल्या व कलापथकातून रंगमंचावर उभ्या राहिल्या. या रंगमंचाची काही वैशिष्ट्ये त्यांच्या अभिनयाच्या संदर्भात महत्त्वाची आहेत. एक, कलापथकात नायिका ही कल्पना गौण असून समूह प्रमुख असे. दोन, प्रयोग गावोगावी, उघड्यावर, मोजक्या साधनांत होत. त्यामुळे नेपथ्य, प्रकाशयोजना व रंगभूषा यांवर विसंबून राहता येत नसे. तीन, मुले व मुली एकत्र प्रवास करीत, एकत्र काम करीत. रंगमंचावर येणे हे कार्यकर्त्याचे काम मानले जात असल्यामुळे त्याला लाज किंवा बदनामी चिकटलेली नव्हती. बहुजन कुटुंबातील मुलीसाठी अभिनयाचे दार उघडले ते या तिसऱ्या गोष्टीमुळे. ज्या घराने मुलीला नाटक कंपनीत कदापि पाठविले नसते, तेच घर तिला कलापथकात आनंदाने पाठवीत होते.

दूरदर्शन आणि चित्रपट संस्था

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि अल्पावधीतच स्मिता पाटील तेथे मराठी बातम्या देऊ लागल्या. त्या काळचे प्रक्षेपण कृष्णधवल होते. गोऱ्या रंगाला दिले जाणारे महत्त्व त्या पडद्यावर आपोआप कमी झाले आणि सावळा रेखीव चेहरा, मोठे डोळे व खालच्या पट्टीतील आवाज यांकडे प्रेक्षकांचे लक्ष गेले. वृत्तनिवेदनात हावभावांना वाव नसतो. चेहरा स्थिर ठेवून शब्दांतून आशय पोहोचवावा लागतो. कॅमेऱ्यासमोर काहीही न करता उपस्थित राहण्याची ही सवय त्यांना चित्रपटात उपयोगी पडली.

पुण्याच्या चित्रपट संस्थेत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले नाही. परंतु तेथील विद्यार्थ्यांशी त्यांचा संबंध होता व अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ (१९७४) या पदविका चित्रपटात त्यांनी भूमिका केली. श्याम बेनेगल यांनी प्रथम ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात आणि नंतर ‘निशांत’ (१९७५) मध्ये त्यांना भूमिका दिल्या. कलापथक, दूरदर्शन, चित्रपट संस्था आणि समांतर चित्रपट या चारही ठिकाणी नफा हा मुख्य हेतू नव्हता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. आधीच्या पिढीतील अभिनेत्रींना कंपनी व स्टुडिओ यांच्या व्यापारी चौकटीतून जावे लागले, तर स्मिता पाटील यांची पहिली पावले चळवळीच्या व शासनाच्या संस्थांतून पडली.

सहकाराची दोन चित्रे : ‘सामना’ आणि ‘मंथन’

१९७५ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ प्रदर्शित झाला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची व निर्मिती रामदास फुटाणे यांची होती. साखर पट्ट्यातील हिंदुराव धोंडे-पाटील हा सत्ताधीश आणि एक व्यसनाधीन जुना गांधीवादी मास्तर यांच्यातील संघर्ष त्यात आहे. सहकाराने ग्रामीण महाराष्ट्रात संपत्ती आणली, पण तिच्याबरोबर नवे सरंजामदारही आणले, हे या चित्रपटाने उघडपणे मांडले. स्मिता पाटील यांची यातील भूमिका छोटी होती. मात्र सेवादलात घडलेले निळू फुले आणि त्याच परंपरेतून आलेल्या स्मिता पाटील यांचे या चित्रपटात एकत्र येणे, आणि तेही सहकारी कार्यकर्त्याच्या मुलीने सहकाराच्या कठोर चिकित्सेत सहभागी होणे, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मंथन’मध्ये (१९७६) सहकाराची दुसरी बाजू आहे. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाचे भांडवल उभे केले. त्यात बिंदू या ग्रामीण स्त्रीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. परगावाहून आलेल्या अधिकाऱ्याविषयीचा संशय, नंतरचा विश्वास आणि अखेरची निराशा ही स्थित्यंतरे त्यांनी फारसे संवाद नसताना दाखविली. ज्या शेतकऱ्यांनी पैसे दिले तेच पुढे ट्रॅक्टर-बैलगाड्यांतून हा चित्रपट पाहण्यास आले. प्रेक्षकच निर्माता असण्याचा हा प्रयोग भारतीय चित्रपटाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. २०२४ मध्ये ‘मंथन’ची जतन करून नव्याने सिद्ध केलेली प्रत कान येथील महोत्सवात दाखविण्यात आली.

‘भूमिका’ : अभिनेत्रीने साकारलेली अभिनेत्री

‘भूमिका’ (१९७७) हा स्मिता पाटील यांच्या कारकिर्दीतील निर्णायक चित्रपट होय. त्याला आधार आहे तो हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा. हंसा वाडकर (१९२३-१९७१) यांचे मूळ नाव रतन साळगावकर. गायनाची परंपरा असलेल्या घरातून त्या लहान वयातच चित्रपटात आल्या. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांनी त्यांना मोठी लोकप्रियता मिळवून दिली. मात्र त्यांच्या मिळकतीवर घर चालत होते आणि त्यांच्या जीवनाविषयीचे निर्णय इतर लोक घेत होते. हा विरोधाभास त्यांनी आत्मकथनात आडपडदा न ठेवता सांगितला.

‘भूमिका’तील उषा ही व्यक्तिरेखा किशोरवयापासून प्रौढपणापर्यंत जाते. मिळवती असूनही ती पतीच्या हुकमतीत आहे. त्यातून सुटून ती एका जमीनदाराच्या वाड्यात जाते आणि तेथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याचीही परवानगी नाही असे तिला कळते. चित्रीकरणाच्या वेळी स्मिता पाटील अवघ्या विशी-बाविशीच्या होत्या. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या चित्रपटात मराठी अभिनेत्रीच्या दोन वाटा एकत्र येतात. कलावंत घराण्यातील स्त्रीचे जीवन चळवळीच्या घरातून आलेली तरुणी साकार करते. पहिलीला अभिनयाने प्रतिष्ठा दिली नाही, दुसरीला याच अभिनयाने राष्ट्रीय सन्मान दिला. हा फरक दोघींच्या गुणवत्तेतील नव्हता. समाजाने कोणत्या घरातील स्त्रीला ‘कलावंत’ म्हटले आणि कोणत्या घरातील स्त्रीला ‘नाटकवाली’ म्हटले, त्यातून तो निर्माण झाला. हंसा वाडकर यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी त्यांच्या आयुष्याला पडद्यावर न्याय मिळाला, तो सामाजिक प्रतिष्ठेचे कवच लाभलेल्या अभिनेत्रीकडून. स्मिता पाटील यांच्या यशाचे मूल्यमापन करताना ही बाजू नजरेआड करता येणार नाही.

अंतराचा प्रश्न

‘जैत रे जैत’ (१९७७) हा गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारित चित्रपट सह्याद्रीतील ठाकर समाजाविषयी आहे. खान्देशाच्या सीमेलगतच्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत त्याला लाभले. त्यातील चिंधी ही नवऱ्याला सोडून आपल्या मनाचा जोडीदार निवडणारी आदिवासी स्त्री आहे. ‘आक्रोश’ (१९८०), सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ (१९८१) आणि जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’ (१९८१) यांतही स्मिता पाटील यांनी अनुक्रमे आदिवासी, दलित आणि झोपडपट्टीतील स्त्रिया उभ्या केल्या. ‘चक्र’मधील अम्मा या भूमिकेसाठी त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मंत्र्याच्या घरातील, शहरात वाढलेल्या स्त्रीने उपेक्षित स्त्रियांची भूमिका करणे कितपत न्याय्य, असा आक्षेप येथे घेता येतो आणि तो गंभीर आहे. त्या काळात भिल्ल, पावरा किंवा ठाकर समाजातील स्त्रीला स्वतःची भूमिका स्वतः करण्याची संधी समांतर चित्रपटानेही दिली नाही. या मर्यादेची जाणीव स्वतः त्या चळवळीतील दिग्दर्शकांना होती, याचा पुरावा मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’ (१९८०) या बंगाली चित्रपटात मिळतो. १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी शहरातील मंडळी एका खेड्यात जातात आणि गावाच्या दारिद्र्यापुढे त्यांचा चित्रपटच थिटा पडतो, असे त्याचे कथानक आहे. त्यात स्मिता पाटील यांनी अभिनेत्रीचीच भूमिका केली. एका प्रसंगी त्या दुष्काळाची जुनी छायाचित्रे दाखवून सहकाऱ्यांना त्यांची वर्षे ओळखायला सांगतात. उपासमारीची छायाचित्रे हा कलावंतांचा खेळ होऊन जातो आणि तो पाहताना प्रेक्षक अस्वस्थ होतो. बर्लिन महोत्सवात या चित्रपटास रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला. अभिनेत्री आणि तिने साकारलेली स्त्री यांतील अंतर नाहीसे होत नाही. ते प्रामाणिकपणे मान्य करता येते, हा या भूमिकेचा अर्थ होय.

‘उंबरठा’

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारित ‘उंबरठा’ (१९८२) मध्ये प्रस्तुत लेखात पाहिलेले बहुतेक धागे एकत्र येतात. सुस्थितीतील घरातील सुलभा महाजन ही स्त्री समाजकार्याचे शिक्षण घेते आणि पती व लहान मुलीला ठेवून परगावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. संस्थेतील भ्रष्टाचार, आश्रित स्त्रियांची दैना आणि व्यवस्थापनाची उदासीनता यांच्याशी ती झगडते. अखेर नोकरी सोडून परत आल्यावर तिच्या घरातील जागाही गेलेली असते. विजय तेंडुलकरांची पटकथा व डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेल्या या चित्रपटात संस्थेतील प्रार्थना वसंत बापट यांची आहे. सेवादलाच्या कलापथकाचा हा कवी आणि कलापथकातून आलेली ही अभिनेत्री येथे पुन्हा एकत्र आले.

सुलभा रडून सहानुभूती मिळवीत नाही. ती चुकते, चिडते, थकते आणि तरीही निघून जाण्याचा निर्णय घेते. स्त्रीने घराबाहेर काम करावे की नाही हा वाद १९८२ पर्यंत जुना झाला होता. त्या कामाची किंमत कोण मोजते, हा ‘उंबरठा’ने विचारलेला प्रश्न मात्र महाविद्यालये, रुग्णालये व कार्यालये यांत काम करणाऱ्या स्त्रियांना आजही आपला वाटतो.

व्यावसायिक चित्रपट आणि अखेर

१९८२ पासून स्मिता पाटील यांनी ‘शक्ती’, ‘नमक हलाल’ असे मोठ्या भांडवलाचे हिंदी चित्रपटही स्वीकारले. समांतर चित्रपटाचा प्रेक्षक मर्यादित होता. शिवाय त्या चित्रपटांतही प्रसिद्ध चेहऱ्यांची मागणी वाढू लागली होती. व्यावसायिक चित्रपटातील गाण्यांमध्ये शरीराचे जे प्रदर्शन अपेक्षित असे, त्याविषयीची आपली अस्वस्थता त्यांनी लपविली नाही. समूहाच्या रंगमंचावर घडलेल्या कलावंताची बाजारपेठेच्या चौकटीत होणारी ही घुसमट होती. याच काळात ‘अर्थ’, ‘बाजार’, ‘मंडी’, ‘अर्धसत्य’ आणि जी. अरविंदन यांचा मल्याळम् चित्रपट ‘चिदंबरम’ (१९८५) यांतही त्यांनी काम केले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना पुत्र झाला आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीमुळे १३ डिसेंबर १९८६ रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या पश्चात १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. सुभेदाराच्या मागणीला नकार देऊन सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आश्रय घेते आणि अखेर तेथील सर्व स्त्रिया तिच्यासाठी एकत्र उभ्या राहतात. एकटीचा नकार समूहाचा नकार होतो, या दृश्यावर त्यांची कारकीर्द प्रेक्षकांच्या स्मृतीत थांबली. कलापथकातील समूहापासून सुरू झालेला प्रवास स्त्रियांच्या समूहापाशी येऊन थांबला, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) स्मिता पाटील यांच्या रूपाने मराठी अभिनेत्रीच्या इतिहासात कलावंत घराणे व उच्चवर्गीय शिक्षण यांहून निराळी, चळवळीतून आलेली तिसरी वाट ठळक झाली. २) त्यांच्या अभिनयातील सहजता ही केवळ उपजत नव्हती. कलापथकातील समूहभाव, वृत्तनिवेदनातील संयम आणि समांतर चित्रपटातील शिस्त यांतून ती घडली. ३) खान्देशाचे ऋण त्यांच्या जन्मस्थळात शोधण्यापेक्षा तेथील स्वातंत्र्यलढा व समाजवादी विचार यांत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. ४) ज्या सामाजिक प्रतिष्ठेमुळे त्यांची वाट सुकर झाली, ती हंसा वाडकर यांच्यासारख्या त्यांच्याच पूर्वसूरींना नाकारली गेली होती आणि श्रमजीवी, आदिवासी स्त्रीला तर पडद्याचे दारच उघडले नव्हते.

एखाद्या प्रदेशाने आपल्या कलावंताचा अभिमान बाळगणे स्वाभाविक आहे. तथापि तो अभिमान पुतळे, नामफलक आणि जयंत्या यांपुरता राहिल्यास त्यातून दुसरी स्मिता पाटील घडणार नाही. ती ज्यातून घडली ते कलापथक, शिबिर आणि गावोगावचा उघडा रंगमंच आज क्षीण झाला आहे. ग्रामीण महाविद्यालयांत दरवर्षी स्नेहसंमेलन, युवक महोत्सव आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलीला लाज किंवा बदनामी यांचे भय न बाळगता उभे राहता येईल असा रंगमंच आज तिला येथेच मिळू शकतो. मुक्ताईच्या वाणीची स्मृती जपणाऱ्या या परिसरातील महाविद्यालयांनी तो तिला मिळवून दिला, तर तो स्मिता पाटील यांच्या वारशाचा उचित सन्मान ठरेल.